निरंक

आमच्या घरात कराविषयी दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांची माणसं माझीच आहेत. एक नवरा, चार्टर्ड अकाउंटंट. दुसरी आई, जिल्हा परिषदेच्या आरोग्य उपकेंद्रातून निवृत्त झालेली नर्सबाई. तिची सगळी नोकरी सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात गेली. विवरणपत्रांच्या हंगामात नवरा रात्री उशिरा जेवायला बसतो आणि आई नेमकी त्याच दिवसांत नातीकडं मुक्कामाला असते. मग ताटावर जुंपते. कोण काय म्हणालं ते मी टिपून ठेवते, कारण दुसऱ्या दिवशी दोघंही कानावर हात ठेवतात.

यंदा ठिणगी पडली ती एसटीच्या तिकिटावरून.

“अर्ध्या तिकिटात आले पुण्यापर्यंत,” आई कौतुकानं म्हणाली.

“उरलेलं अर्धं मी भरलं,” नवरा भाकरी मोडत म्हणाला. “२०२३ च्या मार्चपासून बायकांना निम्मं तिकीट झालं, पण निम्म्या डिझेलवर गाडी पळत नाही ना, आई. ती तूट सरकार एसटीला भरून देतं. आणि सरकारकडं येतो तो आमचा कर.”

“मग तुमचे आभार, जावईबापू.”

“आभार नकोत. हिशेब हवा. सोसायटीत टँकर येतो, त्याचे पैसे आम्ही देतो. गेटवरचा रखवालदार आमच्या मेंटेनन्समधून. पोरीची शाळा खासगी. दवाखाना मेडिक्लेमवर. लाइट गेली तर जनरेटर. हायवेला लागलं की टोल. मी सरकारकडून घेतो काय, ते एकदा सांगा. खड्डे तेवढे विनामूल्य.”

हे भाषण त्याचं पाठ आहे. अशिलांपुढंही तो ते करतो आणि अशील खूश होऊन जातात. पण पाठ असलं म्हणून ते खोटं ठरत नाही. पगारदाराचा कर पगार हातात पडण्याआधीच कापला जातो, हे मी दर महिन्याला बघते.

आईनं वाद घातला नाही. तिनं विचारलं, “टँकरला पाणी कुठलं?”

“असेल कुठल्या विहिरीचं, बोअरचं.”

“ते तपासतं कोण?”

आमच्या भागात हा प्रश्न आता कुणी हसण्यावारी नेत नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागोमाग एक सापडू लागले. आधी पायांना मुंग्या, मग जिना चढताना पाय उचलत नाही, काहींना तर श्वासासाठी व्हेंटिलेटर. ही गावं पुणे महापालिकेच्या हद्दीत आली होती, पण जलशुद्धीकरण केंद्र त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. विहिरीचं पाणी नुसतं क्लोरीन टाकून घरोघर जात होतं.

नवऱ्यानं हाच धागा पकडला. “बघा! गावं हद्दीत घ्यायची घाई, मिळकतकराची बिलं पाठवायची घाई आणि फिल्टर प्लँट मात्र सावकाश. याचं कौतुक करू?”

“कौतुक करू नका, शिव्या घाला. पण साथ आहे हे कळलं कसं, तेही सांगा. एक माणूस या हॉस्पिटलात, दुसरा त्या हॉस्पिटलात. एकेका डॉक्टरपुढं एखाद-दुसरा पेशंट. सगळे मिळून एकच गोष्ट आहे, हे कुणाला दिसलं?”

“खासगी डॉक्टरांनीच कळवलं.”

“होय. पण कळवलं कुठं? कळवायला जागा होती म्हणून कळवलं ना?”

हे बरोबर होतं. नमुने राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडं गेले. ही संस्था १९५२ पासून पुण्यातच आहे आणि आपण रोज तिच्यावरून जातो तेव्हा आत काय चालतं याचा विचारही करत नाही. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, तेव्हा संशयाचं बोट पाण्याकडं आणि अन्नाकडं वळलं. घरोघर पाहणी करणारी पथकं फिरली. आमच्याकडंही दोन मुली वही घेऊन आल्या होत्या. मी दार अर्धंच उघडून त्यांना उत्तरं दिली. आणखी एक गोष्ट सोसायटीच्या ग्रुपवर कुणी फारशी चघळली नाही: त्या भागातल्या खासगी आरओ प्रकल्पांचं पाणी तपासलं, तर त्यातलंही काही पिण्याजोगं निघालं नाही. पालिकेनं ते प्रकल्प बंद करायला लावले. म्हणजे सरकारी पाण्यावर विश्वास नाही म्हणून आपण जे विकत आणतो, त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हेही शेवटी सरकारी प्रयोगशाळाच सांगते.

“जीबीएस हे नाव तुमच्याकडं आत्ता आलं,” आई म्हणाली. “आम्हाला ते केव्हापासून माहीत. पोलिओमुळं.”

“पोलिओचा काय संबंध?”

मग तिनं सांगितलं ते मीही नीट ऐकलं नव्हतं, तिच्या पोटची असून. पल्स पोलिओचे दोन थेंब सगळ्यांना आठवतात. १९९५ पासूनचे ते रविवार, करंगळीवरची शाईची खूण, बूथवर लावलेलं कापडी बॅनर. पण थेंबांच्या मागं दुसरं एक काम चालायचं, त्याला बॅनर नव्हतं. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर ते पोलिओच असो वा नसो, कळवायचं. मग त्या मुलाच्या शौचाचे दोन नमुने, किमान चोवीस तासांच्या अंतरानं, लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत घ्यायचे. बर्फात घालून मुंबईला, हाफकिनच्या आवारातल्या प्रयोगशाळेकडं रवाना करायचे. बहुतेक वेळा उत्तर यायचं, पोलिओ नाही. मग डॉक्टर म्हणायचे, जीबीएस.

“आणि दर आठवड्याला एक कागद जायचा,” आई म्हणाली. “या आठवड्यात असं मूल सापडलं का? नसेल सापडलं तर निरंक. पण कागद गेलाच पाहिजे. कोरं राहिलेलं चालायचं नाही. कागद आला नाही तर तालुक्यावरनं विचारणा व्हायची.”

नवरा हसला. “आई, मी ऑडिट करतो. निरंक लिहायला घराबाहेर पडावं लागत नाही. ज्या शाखेतून वर्षभर निरंक येतं, तिथं मी सगळ्यात आधी जातो.”

मला वाटलं, आता ती चिडणार. ती चिडली नाही. ताटातली आमटी भातात कालवत राहिली आणि म्हणाली, “लिहायचे काहीजण घरी बसून. नाही म्हणत नाही मी.”

“मग?”

“मग तेच. वरच्यांनाही ठाऊक होतं लिहितात म्हणून. त्यांनी काय केलं होतं, सांगू? पोलिओ असो नसो, लुळेपणाची मुलं कुठंही थोडी तरी असतातच. दर लाख मुलांमागं वर्षाला एक तरी सापडलंच पाहिजे असं ठरलेलं. ज्या जिल्ह्यात एकही सापडलं नाही, त्याला शाबासकी नाही, उलट नोटीस. तुमच्याकडं नाही असं होऊच शकत नाही, तुम्ही बघत नाही आहात.”

नवऱ्यानं घास खाली ठेवला. त्याच्या धंद्यातली गोष्ट होती ही. “म्हणजे निरंकाची उलटतपासणी,” तो स्वतःशीच म्हणाला. “हे झकास आहे. कुणी काढलं डोकं?”

“कुणी का काढेना. मी फक्त गावं पालथी घालायचे.”

देशातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालात हावडा जिल्ह्यात आढळला, एक लहान मुलगी. २७ मार्च २०१४ ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. मधली तीन वर्षं सगळा देश निरंक लिहीत होता आणि ते निरंक खरं आहे हे सिद्ध करत होता. आईच्या मते त्यानंतरही कागद थांबले नाहीत, थांबायलाही नकोत.

इथं मी नवऱ्याच्या बाजूनं एक मुद्दा टाकला. पोलिओचं उदाहरण देणं सोपं आहे. त्यात जागतिक संघटना होत्या, बाहेरचा पैसा होता, सगळ्या जगाचं लक्ष होतं. रोजच्या सरकारी कारभारातून असं काही निघतं का?

“नारू,” आई म्हणाली.

नवऱ्याला नारू माहीत नव्हता. मलाही फक्त शब्द माहीत होता. आई ताट घेऊन उठली, हात धुऊन आली आणि पुढचा अर्धा तास एकटीच बोलली.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत तिनं नारूचे रुग्ण पाहिले. घोट्याजवळ किंवा पोटरीवर एक फोड येतो, आग होते. माणूस आग शमवायला पाय पाण्यात घालतो. फोड फुटतो आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक डोकावतं. तो जंत असतो, हातभर, कधी त्याहून लांब. ओढून काढायचा नाही. तुटला तर आत सडतो, पाय सुजतो. काडीला टोक गुंडाळायचं आणि दिवसाला दोन बोटं इतकाच तो काडीवर घ्यायचा. आठवडे लागतात. ऐन पेरणीत माणूस पायाला काडी बांधून ओट्यावर बसलेला. दवाखान्यात त्याला देण्यासारखं काही नव्हतं. औषध नाही, लस नाही. आजही नाही.

“मग गेला कसा?” नवऱ्यानं विचारलं.

“विहिरीतनं गेला.”

पायऱ्यांच्या विहिरी होत्या. बाया घागर घेऊन पायऱ्या उतरायच्या, पाण्यात उभ्या राहायच्या. ज्याच्या पायाला नारू आहे तोही उतरायचा. जंत पाण्यात पिल्लं सोडायचा, ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जायची आणि ते किडे घागरीतून माणसाच्या पोटात. वर्षभरानं नवा फोड. हे चक्र तोडायला एकच जागा होती: पाणी आणि पाय यांची गाठ पडू द्यायची नाही. १९८० च्या दशकात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. पायऱ्या बुजवून विहिरींना कठडे बांधले, रहाट बसवले, हातपंप टाकले. पाण्यात किडे मारायचं औषध सोडलं. आईसारख्या बायका घरोघर नारूचं चित्र दाखवत फिरल्या: असा कुणाला आहे का? घागरीच्या तोंडावर दुहेरी धडपं बांधायला शिकवलं. पाणी गाळून झालं की त्या धडप्यावर राहिलेला गाळ ती बायांना उन्हात नेऊन दाखवायची. बारीक ठिपके हलताना दिसले, की पुढचं काही सांगावं लागायचं नाही.

शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणित केलं.

“यातलं कोण आठवतं? कठडा बांधणारा गवंडी कुणाचा? बांधकाम विभागाचा. हातपंप कुणाचा? पाणीपुरवठ्याचा. औषध टाकणारा आमच्यातला. कुणाचाही फोटो नाही. आता त्या विहिरीसुद्धा लोकांनी बुजवल्या,” आई म्हणाली. “तुमच्या लेकीला नारू म्हणजे काय ते सांगून बघा. पाठ्यपुस्तकातला धडा वाटेल तिला.”

नवरा काही वेळ गप्प होता. पण तो हरणारा नव्हता आणि हरायला नकोच होता, कारण त्याचा मुद्दा वेगळा होता.

“आई, हे सगळं मान्य. पण ही चाळीस वर्षांपूर्वीची पुण्याई आहे. मी कर आज भरतो. माझ्या आयकरावर चार टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर लागतो. नाव ऐकून वाटेल, हे पैसे तुमच्या उपकेंद्रात येतात. उपकराचा राज्यांना वाटा नसतो. इतर करांतले एक्केचाळीस टक्के राज्यांकडं जातात, हा पूर्ण दिल्लीत राहतो. दवाखाना चालवायचा राज्यानं, आरोग्याच्या नावानं गोळा करायचं केंद्रानं. पुढं तो योजनांमधून खाली येतो, पण येतो तो त्यांच्या अटींवर. कायद्यात तर करापोटी काही द्यायची सक्तीच नाही. द्यायचं असेल तर तिला फी म्हणतात.”

“मग कर म्हणजे वर्गणी.”

“वर्गणीत निदान मंडळ शेवटी जमाखर्च वाचून दाखवतं!”

यावर आम्ही तिघंही हसलो, कारण आमच्या गल्लीतल्या मंडळानं तो वाचून दाखवलेला कुणाला आठवत नाही.

मग आईनं माझ्या पगाराची स्लिप मागितली. ती तिला आवडते, का ते मला माहीत आहे. तिच्यात एक ओळ असते, व्यवसाय कर, दोनशे रुपये. फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाचे अडीच हजार. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला तो मुख्यतः रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदारानं भरायचा आणि जितका जमेल तितकीच भर सरकारनं आपल्या खिशातून घालायची. योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये त्यांनी तासगाव तालुक्यात विसापूरला प्रयोग करून पाहिला होता. नंतर १९७२ चा दुष्काळ आला. आई तेव्हा चौदा वर्षांची. तिनं आणि माझ्या आजीनं खडी फोडली. सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या. मिलोची चव अजून सांगता येत नाही, ती म्हणते, फक्त आठवते. कामाची हमी देणारा कायदा पुढं १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. देशभरचा रोजगार हमीचा कायदा यायला २००५ उजाडलं.

“माझ्या पहिल्या पगारातनंही हा कर कापला,” आई म्हणाली. “कारकुनानं सांगितलं, रोजगार हमीचा आहे. म्हटलं, कापा.”

नवऱ्यानं लगेच दुरुस्ती केली. “अडीच हजारांची मर्यादा घटनेच्या कलम २७६ मध्ये आहे, १९८८ पासून तीच. आणि त्या नावानं जमलेला सगळा पैसा त्याच कामावर गेला, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगेल का? कित्येक वर्षं जमा जास्त आणि खर्च कमी होता. नावाचा कर असला तरी पैशाला नाव नसतं. तुम्ही म्हणाला ‘कापा’, ते कागदावरच्या नावाला.”

“आमच्या गावचा पाझर तलाव कागदावर नाही,” आई म्हणाली. “बैल पाणी पितात त्यात.”

हे बोलणं इथंच थांबलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. सासू-जावयाची अशी बरोबरी दर वर्षी होते. पण नवरा बोलता बोलता एक वाक्य बोलून गेला. “खरं तर माझ्यासारखे लोक म्हणजे सरकारचा फायदा. आम्ही भरतो पूर्ण आणि वापरत काहीच नाही. आमची जागा दुसऱ्याला मिळते. यापेक्षा जास्त काय द्यायचं माणसानं?”

“तिथंच तर घोडं पेंड खातं,” आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

तिनं उपकेंद्राचं सांगितलं. ती रुजू झाली तेव्हा गावातल्या पाटलांच्या सुना बाळंतपणाला तिच्याकडंच यायच्या, कारण दुसरीकडं जायला वाहन नव्हतं. मास्तरांची बायको आली, तलाठ्याची आली. त्या काळात वरच्या प्राथमिक केंद्रातला डॉक्टर मुक्कामाला असायचा. नसला, तर पाटील सभापतीला फोन लावायचे आणि तो दुसऱ्या दिवशी हजर. नळाला पाणी नाही, बल्ब गेला, ऑटोक्लेव्ह बिघडलं, काहीही असो, चार दिवसांत होऊन जायचं. मग रस्ता डांबरी झाला. पाटलांकडं जीप आली. सुना सांगलीला, मिरजेला जायला लागल्या. मास्तरांनीही मोटारसायकल घेतली.

“त्यांनी काही चूक केली नाही,” आई म्हणाली. “पण त्यानंतर डॉक्टर नसला तरी फोन करणारं कुणी उरलं नाही. जे यायचे त्यांचा फोन कोण उचलणार? बल्ब महिना महिना बदलला जायचा नाही. पुढं डॉक्टरांच्या क्वार्टरला कुलूप. पैसे कमी आले होते का? नाही. पैसे पूर्वीपेक्षा जास्त यायचे. तक्रार करणारी माणसं निघून गेली होती.”

मला हे तिच्या तोंडून ऐकायचं होतं. एरवी ती उपकेंद्र म्हणजे देऊळ असल्यासारखं बोलते. पण मला तिच्या तोंडून निघालेल्या इतर गोष्टीही आठवतात: लोहाच्या गोळ्या संपल्या आणि नवा साठा वेळेवर आला नाही ती वर्षं, आणि सर्पदंशाची लस नाही म्हणून जीपमध्ये घालून पुढं पाठवलेला पोरगा. त्याचं पुढं काय झालं, ते ती सांगत नाही. सरकारी सेवेचं कौतुक करायचं तर ते हे सगळं धरूनच करायला हवं, नाहीतर ते निवृत्तीच्या समारंभातलं भाषण होतं.

नवरा म्हणाला, “म्हणजे मी कर भरायचा, वर माझी पोरगीही तिथं न्यायची, का तर मी आरडाओरडा केला की बल्ब बदलेल? मी काय बल्ब बदलून घ्यायला जन्माला आलो? आणि सुरुवात माझ्यापासूनच का? अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं होतं, सरकारी पगार घेणाऱ्यांनी, लोकप्रतिनिधींनी आपली मुलं सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत. घातली का कुणी? आधी त्यांना आणा. मग मी येतो.”

याला आईकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नाही. त्याचं म्हणणं न्यायाचं आहे आणि तरीही त्या न्यायातून कुलूप उघडत नाही. कर भरणं हा सार्वजनिक सेवेशी असलेला निम्मा व्यवहार झाला. उरलेला निम्मा म्हणजे रांगेत उभं राहणं, नमुना तपासायला लावणं, खिडकीवर वाद घालणं. तो आपण पैसे टाकून सोडवून घेतला. आपण ज्याला सोय म्हणतो ती दुसऱ्या कुणाची तरी गैरसोय झाली, हे नवऱ्याच्या कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही. आणि त्यासाठी त्याला दोषी धरायला गेलं तर आधी मला स्वतःला धरावं लागेल. शाळा मीच निवडली होती.

आई मात्र चिकाटीची. मोठं काही जमत नसलं की ती लहान काहीतरी पुढं करते. “नातीचा पाचव्या वर्षाचा डोस राहिलाय ना? ट्रिपलचा बूस्टर. पालिकेच्या दवाखान्यात चला.”

“तिची लस आमच्या पेडियाट्रिशियनकडं ठरलेली आहे. न दुखणारी.”

“ही दुखते,” आई म्हणाली. “दंड सुजेल, रात्री ताप येईल, पॅरासिटामॉल द्यावं लागेल. पण डांग्या खोकल्यापासून हिचं संरक्षण जास्त दिवस टिकतं. आणि फुकट आहे म्हणून हलकी समजू नका. त्या कुपीवर एक गोल असतो, गोलाच्या आत फिका चौकोन. लस कुठंही उन्हात राहिली तर चौकोन गडद होत जातो. गोलासारखा झाला की कुपी फेकायची. कारखान्यापासून दंडापर्यंतचा हिशेब तिथंच छापलेला असतो. तुम्हाला हिशेब हवा होता ना?”

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. हिशेबाचं नाव काढलं की तो वितळतो, हे आईला आता कळून चुकलंय.

“तो चौकोन मला बघू देतील?”

“मागा. नाही म्हणाल्या तर सांगा, माझी सासू नर्स आहे.”

“आणि डबा? लस ज्या बर्फाच्या डब्यातून येते, तो नीट ठेवलेला असेल कशावरून?”

“विचारा की. फ्रीजवर तापमानाचा तक्ता लावलेला असतो, दिवसातून दोनदा लिहायचा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. दोन ते आठ अंश. डब्यात आइसपॅक भरायच्या आधी ते बाहेर काढून ठेवायचे, कानाशी धरून हलवायचे आणि आत पाण्याचा आवाज आला की मगच भरायचे. थेट फ्रीझरमधनं काढून घातले तर लस गोठते आणि वाया जाते. हे सगळं विचारा. तुमच्यासारखा माणूस विचारणारा आला, तर त्या पोरींनाही बरं वाटेल. नाहीतर त्यांना लोक फक्त ‘किती वेळ लागेल’ एवढंच विचारतात.”

“किती वेळ लागतो?”

“लागतो,” आई म्हणाली.

त्यानं मोबाइल काढून तारीख बघितली. ऑडिटच्या भेटी, अशिलांचे फोन, जीएसटीचं रिटर्न. मग म्हणाला, लसीचं बघू, पण एक लक्षात ठेवा आई, हे फक्त लसीपुरतं. शाळेचा विषय काढायचा नाही.

“आज नाही काढत,” आई म्हणाली.

“उद्याही नाही.”

“उद्या मी जेवायला लवकर बसणार आहे. तुमची गाठच पडायची नाही.”